फेंटन कुटुंबाने गाव सोडून जावे

पेल्टन गावाच्या तीनशेव्या वाढदिवसाला मिरवणूक काढायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात गावाचे दोन तुकडे पडले : आगीच्या बंबापुढे चालणारे आणि आगीच्या बंबामागे चालणारे.

मॅसॅच्युसेट्समधल्या कुठल्याही गावात मिरवणूक म्हटली की बंब आलाच. बंब नसेल तर ती मिरवणूक नव्हे, नुसतीच काही माणसं एका दिशेने चालली आहेत एवढंच. पण यंदा उत्सव समितीने नियम काढला. गावातली आद्य घराणी बंबापुढे, उघड्या गाड्यांमधून. बाकीची जनता मागे, पायी. आद्य म्हणजे ज्यांचा पूर्वज १७५० सालाआधी पेल्टनात राहत होता आणि ज्याचं नाव तसं गावच्या दप्तरात सापडतं, ती.

ऑल्डन फेंटनने ही बातमी जेवताना ऐकली, "म्हणजे आपण पुढे" एवढंच म्हटलं आणि बटाटे पुढे सरकवायला सांगितले.

त्याला शंका नव्हतीच. ओबाडाया फेंटन हा पेल्टनच्या संस्थापकांपैकी एक होता, हे फेंटनांच्या घरात दूध कुठल्या दुकानात मिळतं तितक्या खात्रीने माहीत होतं. शिवाय दर पिढीला ओबाडायाला बढती मिळत आली होती. ऑल्डनच्या आजोबांच्या सांगण्यात तो जमिनीची मोजणी करायला आला होता. वडिलांच्या काळात त्याला खुद्द गव्हर्नरने बोलावून घेतलं. आणि ऑफिसच्या एका पार्टीत, समोरचा माणूस स्वतःच्या पूर्वजांबद्दल फारच बोलायला लागला तेव्हा, ऑल्डनने ओबाडायाला एक पांढरा घोडा दिला होता. पुढे तो घोडा इतक्या वेळा सांगून झाला की आता त्याला घरातून काढणं बरं दिसलं नसतं.

इथे सांगायला हवं की ऑल्डन विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा. लोकांच्या छपरावर झाड पडलं की ते खरंच पडलं का पाडलं, हे बघायचं त्याचं काम. उभ्या हयातीत त्याने पुराव्याशिवाय एकाही झाडावर विश्वास ठेवला नव्हता. घोड्याची गोष्ट वेगळी. घोडा घरचा होता.

पुरावा शोधायच्या आधी त्याने एकच चूक केली. आईला सांगितलं.

बर्निस फेंटन शहाऐंशी वर्षांची होती आणि लग्नाने फेंटन झालेली होती, त्यामुळे जन्माने फेंटन असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त फेंटन होती. तिच्या माहेरच्यांनी कॅनडातून बटाटे काढायला येऊन इथे संसार थाटला होता, आणि त्या वेळच्या गावातल्या बायकांनी तिला हे कधी विसरू दिलं नव्हतं. तिने फोन उचलला आणि चर्चच्या शिवणमंडळातल्या एकेकीला गाठून सांगितलं, "पहिल्या गाडीत. उजव्या बाजूला बसणार आहे मी, म्हणजे पोस्टाच्या बाजूचे लोक दिसतील." संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या गावी जाऊन परत आली होती. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

"कागद आहे का?" दगडी कुंपणावर कोपरं टेकून हॉवर्ड टार्बेलने विचारलं.

हॉवर्ड हा शेजारी आणि गावचा कॉन्स्टेबल. या गावात कॉन्स्टेबलचं काम म्हणजे गावसभेची नोटीस पोस्टाच्या दारावर चिकटवायची आणि निवडणुकीच्या दिवशी मतपेटीकडे रोखून बघायचं. पण टार्बेलांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलेलं होतं, आणि चिकटवताना हॉवर्डच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असायचं ते बघून अनोळखी माणसाला वाटावं की युद्ध पुकारलंय.

"कागद कशाला? सगळ्यांना माहीत आहे," ऑल्डन म्हणाला.

"मला नाही माहीत."

"तुला काय माहीत असतं, हॉवर्ड."

"आमचा कागद आहे," हॉवर्ड शांतपणे म्हणाला. "फ्रेम केलाय. बघायचाय?"

"बारा वेळा बघितलाय. संडासाच्या समोर लावलायस तू."

"तिथे लोक निवांत वाचतात."

मग गल्लीने सल्ले द्यायला सुरुवात केली. समोरच्या बाईंनी सांगितलं की हल्ली बाटलीत थुंकून डीएनए तपासणीला पाठवलं की सगळं कळतं. ऑल्डन थुंकला. दीड महिन्याने निकाल आला, त्यात तो गल्लीतल्या प्रत्येक घराचा लांबचा नातेवाईक निघाला, हॉवर्डचा जरा जास्तच. त्यावर त्याची बायको जोआन म्हणाली, "बरं झालं, आता कुंपणाचं भांडण घरातल्या घरात राहील." समितीने निकाल परत पाठवला. थुंकी हा गावच्या दप्तराचा भाग नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसरा सल्ला रंगाच्या दुकानात मिळाला. जुन्या दफनभूमीतले दगड झिजून गुळगुळीत झालेत, अक्षरं लागत नाहीत, तर त्यांच्यावर दाढीचा फेस चोळायचा आणि वरचा फेस निपटून काढायचा. खाचांतला फेस राहतो आणि अक्षरं पांढरी उमटतात. या भागात पूर्वज शोधणारे सगळे हेच करतात आणि दफनभूमीची समिती सगळ्यांना हेच करू नका म्हणून सांगते, कारण फेसाने दगड खराब होतो. तशी पाटीही फाटकावर आहे. पाटी इतकी झिजली आहे की ती वाचायची तर तिच्यावरही फेस चोळायला हवा.

ऑल्डनने फेसाचे दोन डबे घेतले, जोआनचं खिडक्या पुसायचं रबर घेतलं आणि रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, तो दफनभूमीत शिरला. तिसऱ्या ओळीत एक भव्य दगड होता. वर पंख असलेली कवटी, बाजूने वेलबुट्टी. असा दगड संस्थापकाचाच असणार, हे ऑल्डनने धंद्यातल्या अनुभवावरून ठरवलं. त्याने गुडघे टेकले आणि डबा रिकामा केला.

त्या दिवशी पाद्रीबुवांचा घसा बसला होता आणि प्रवचन लवकर आटोपलं, हा निव्वळ योगायोग. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या लोकांना भिंतीपलीकडे ऑल्डन फेंटन चांगल्या कपड्यांत, रबर हातात घेऊन, एका कवटीचे गाल साफ करताना दिसला. लोक भिंतीपाशी थांबले.  या भागातले लोक फार सभ्य आहेत, ते आधी पूर्ण बघून घेतात.

"ऑल्डन," शेवटी हॉवर्डचा आवाज आला, "तू माझ्या खापरपणजोबाच्या आजोबाची दाढी करतोयस."

ऑल्डनने मागे सरून बघितलं. अक्षरं खरंच सुंदर उमटली होती : एझ्रा टार्बेल, या गावचा कॉन्स्टेबल. याने सर्वांना वेळेवर कळवले.

पुढचा सगळा वेळ त्याने साधं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन एझ्राला धुण्यात घालवला. हॉवर्डने घडीची खुर्ची आणून बसल्या जागी देखरेख केली. "कानामागे राहिलंय," तो मधूनमधून सांगत होता.

उरला राजमार्ग, म्हणजे गावकचेरी. ती मंगळवारी सकाळी उघडी असते, मर्नाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं नसेल तर. मर्ना ही गावची कारकीण. तीन मंगळवार तिचे दात दुखले. चौथ्या मंगळवारी तिने तिजोरीच्या खोलीतून जाडजूड जुनं दप्तर आणलं, ऑल्डनला हात लावू दिला नाही आणि चष्मा चढवून स्वतःच पानं उलटायला लागली. बऱ्याच वेळाने तिचं बोट थांबलं.

"सापडला तुझा ओबाडाया. सतराशे अठ्ठेचाळीस."

ऑल्डनने टायची गाठ सारखी केली. "वाच."

"तू बस आधी."

"मी उभ्याने ऐकेन. संस्थापक आहे तो."

मर्नाने वाचलं, "ओबाडाया फेंटन, त्याची बायको, चार मुलं आणि एक गाय हे कोणाच्याही परवानगीवाचून या गावात येऊन राहिले असल्याने, कॉन्स्टेबल एझ्रा टार्बेल याने त्यांना बजावावे की फेंटन कुटुंबाने पंधरवड्याच्या आत गाव सोडून जावे."

ऑल्डन बसला.

"पुढे?"

"पुढे डुकरांचं आहे. मोकाट डुकरांच्या नाकात कडी घालण्याबद्दल."

"आणि घोडा?"

"कसला घोडा? गाय आहे. गाय स्पष्ट लिहिलीय."

मर्ना स्वभावाने वाईट नव्हती. तिने समजावून सांगितलं की तेव्हा अशी तंबी बऱ्याच जणांना मिळायची. खरोखर कोणी हाकलायचं नाही. नव्या माणसाला रीतसर जा म्हणून सांगून ठेवायचं, राहिला तर राहू दे, पण उद्या तो कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी गावावर येत नाही. "म्हणजे तसा राग नव्हता त्यांचा," ती म्हणाली. "फक्त तुम्ही उपाशी मेलात तर त्यांची हरकत नव्हती."

तरीही ऑल्डनने अर्ज भरला. नाव दप्तरात आहे, साल १७५० च्या आधीचं आहे, अट पुरी झाली. उत्सव समितीने अर्ज दोनदा वाचला आणि प्रश्न काढला : ज्याला जा म्हणून सांगितलंय तो राहत होता असं म्हणता येईल का? समितीने अर्ज गावच्या पंचांकडे पाठवला. पंचांनी वकिलाकडे. वकिलाने लांबलचक मत दिलं. त्याचा सारांश असा, की आदेश कधी मागे घेतलेला नाही, त्याची मुदत संपल्याची नोंद नाही, सबब काटेकोर बोलायचं तर फेंटन कुटुंब गेली पावणेतीनशे वर्षं पेल्टनात राहत नसून जायच्या तयारीत आहे.

"मग घरपट्टी कशाची भरतोय मी?" ऑल्डनने फोनवर विचारलं.

"तयारीची," वकील म्हणाला.

आदेश मागे घ्यायचा तर तो अधिकार गावसभेचाच. तेव्हा मे महिन्यातल्या सभेसमोर विषय ठेवायचा असं ठरलं. विषय मंजूर झाला तर फेंटन बंबापुढे, नाही तर मागे. सभेपर्यंत हे सगळं आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं ऑल्डनने जोआनला निक्षून सांगितलं. पण सभेची नोटीस पोस्टाच्या दारावर लागते. ती हॉवर्डनेच लावली, चारी कोपरे नीट दाबून. आणि बर्निस रोज पत्रं आणायला पोस्टात जायची.

ती घरी आली, कोट खुंटीला अडकवला, खुर्चीत बसली.

"ऑल्डन, आपल्याला हाकललंय म्हणे."

"आई, ते फार जुनं आहे."

"किती मुदत उरलीय?"

"मुदत संपली. कधीच संपली."

"आणि घोडा?"

"गाय होती, आई."

बर्निसने विचार केला. "गाय बरी. दूध तरी देते." मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगून बसलेय रे, पहिली गाडी म्हणून." एवढं बोलून ती वर गेली. एरवी दुपारी तिचा रेडिओ खालपर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ऑल्डनला घोड्याचं दुःख झालं नव्हतं तेवढं त्या रेडिओचं झालं.

गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. बास्केटबॉलच्या जाळ्याखाली व्यासपीठ, मागे चर्चच्या बायकांचं कॉफी-डोनटचं टेबल. अध्यक्षस्थानी लेथ्रॉपबाई होत्या. त्या पूर्वी शाळेत भूमिती शिकवायच्या आणि अजूनही प्रत्येक नागरिकाकडे चुकीचा कोन काढल्यासारखं बघायच्या. बर्फ ढकलायच्या नव्या गाडीवर एक तास गेला. कुत्र्याच्या दोरीच्या लांबीवर त्याहून जास्त गेला. मग फेंटनांचा विषय आला, आणि मागून एक म्हातारा उठला.

"अध्यक्षमहोदया, नियमाचा मुद्दा. वकिलाच्या मते हे लोक गावचे रहिवासी नाहीत. बाहेरच्यांना सभेत वेगळं बसवतात."

लेथ्रॉपबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यांचे डोळे चमकले. "मुद्दा रास्त आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हा ऑल्डन, जोआन आणि बर्निस, साऱ्या गावादेखत उठून, भिंतीकडेच्या बाहेरच्यांच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. तिथे बर्फगाडीचा विक्रेता एकटाच बसला होता. त्याला सोबत मिळाल्याचा आनंद झाला.

"तुम्ही कुठून आलात?" त्याने बर्निसला विचारलं.

"इथूनच," बर्निस म्हणाली.

मग हॉवर्ड बोलायला उठला. आणि ऑल्डनच्या लक्षात आलं की तो विरोध करणार नाहीये. तो त्याहून वाईट काहीतरी करणार होता. तो मोठ्या मनाने वागणार होता.

"मंडळी," हॉवर्ड म्हणाला, "ही तंबी आमच्या घराण्याने दिली, तेव्हा ती परत घ्या म्हणायचं कामही आमचंच. झालं गेलं विसरू या. फेंटन लोक शांत आहेत. छपरांच्या बाबतीत जरा कडक, पण शांत. माझं म्हणणं असं, की त्यांना आता राहू द्यावं."

टाळ्या पडल्या. मंजुरीच्या टाळ्या होत्या त्या, ऑल्डनला ते कळलं. अजून दोन मिनिटं गप्प बसलं की आई पहिल्या गाडीत, उजव्या बाजूला. एवढ्यासाठीच तर तो बाटलीत थुंकला होता, कवटीची हजामत केली होती. त्याने आईकडे बघितलं. बर्निस मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती आणि तिच्या ओठांवर ते हसू होतं, जे कोणीतरी अर्धाकच्चा केक भाजून आणल्यावर ती देत असे. बटाटे काढायला आलेल्यांची मुलगी म्हणून साठ वर्षांपूर्वी या गावाने तिला राहू दिलं होतं, तेव्हाही ती बहुधा असंच हसली असावी.

ऑल्डनने हात वर केला.

बाहेरच्या माणसाला बोलू द्यायचं की नाही यावर आधी मतदान झालं. परवानगी मिळाली. विरोधात पडलेल्या मतांत एक बर्फगाडीवाल्याचं होतं, पण त्याला मतच नव्हतं असं निघालं.

"मी तपासणी करणारा माणूस आहे," ऑल्डन म्हणाला. "या दाव्याची मी नीट तपासणी केली. तुमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांना जमीन मिळाली, चर्चमध्ये बाक मिळाला, या म्हणणारं कोणीतरी होतं. बोलावल्यावर कोणीही येतं. आमच्या ओबाडायाला कोणी बोलावलं नव्हतं. तो आपला आला, बायको, चार मुलं आणि गाय घेऊन. या गावाने त्याला लेखी, साध्या सोप्या भाषेत, जा म्हणून सांगितलं. एझ्रा टार्बेलने ते वेळेवर कळवलं. समजलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती." त्याने हॉवर्डकडे बघितलं. "आणि तो गेला नाही. त्याची मुलं गेली नाहीत. मी अजून इथेच आहे. आमच्या घराण्याने दुसरं काही केलं असेल तर ते दप्तरात नाही, पण हे एक काम आम्ही पावणेतीनशे वर्षं एक दिवस सुट्टी न घेता केलंय. आता तुम्ही आदेश मागे घेतलात तर उद्या लोक म्हणतील, फेंटन परवानगीने राहिले. मला ते चालणार नाही. माझी विनंती आहे की हा विषय फेटाळावा."

व्यायामशाळेत कोणी डोनटसुद्धा चावेना. मग मतदान झालं आणि विषय फेटाळला गेला. एकमताने, आणि इतक्या मोठ्या आवाजात की लेथ्रॉपबाईंना दुसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही. पेल्टनात याआधी एकमताने फक्त एकदा काही झालं होतं, सभा जेवणासाठी थांबवायचं.

ऑल्डन खाली बसला आणि तेव्हा कुठे त्याला उमगलं की आईची पहिली गाडी आपण आपल्या हाताने घालवली. "आई," तो पुटपुटला, "आपण बंबामागे गेलो."

पण बर्निस उठून उभी राहिली होती. तिने बोलायची परवानगी मागितली नाही. तिला ती न मागण्याची आता घराण्याची सवय होती.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "आदेश अजून लागू आहे, तर तो बजावायचं काम कॉन्स्टेबलचं ना? मग हा हॉवर्ड इतकी वर्षं करतोय काय? कुंपणापलीकडे राहतो, रोज दिसतो. एकदाही जा म्हणाला नाही."

हॉवर्ड चांगलाच लाल झाला. टार्बेलांवर कामचुकारपणाचा ठपका आजवर कोणी ठेवला नव्हता. लेथ्रॉपबाईंनी पुस्तक पुन्हा काढलं, पान शोधलं आणि निवाडा दिला : बाईंचं म्हणणं बरोबर आहे, कॉन्स्टेबलने फेंटन कुटुंबाला पहिल्या संधीला, सर्वांसमक्ष, तंबी द्यावी.

पहिली संधी म्हणजे मिरवणूक.

जूनमधल्या त्या शनिवारी आद्य घराणी बंबापुढे उघड्या गाड्यांतून निघाली. मग बंब, मग शाळेचा बँड, मग पायी जनता, आणि अगदी शेवटी, रस्ता झाडणाऱ्या गाडीच्याही मागे, ऑल्डनने ऑफिसातल्या कोणाकडून तरी मागून आणलेली उघडी गाडी; पायी चालायचा नियम गावच्या जनतेला होता, बाहेरच्यांना नव्हता. ऑल्डन चालवत होता, शेजारी जोआन होती, मागच्या बाकावर उजव्या बाजूला बर्निस होती. गाडीबरोबर गणवेशात, कडक इस्त्री करून, हॉवर्ड पायी चालत होता. प्रत्येक चौकात तो हात वर करून गाडी थांबवायचा, कागद उलगडायचा आणि खणखणीत आवाजात आदेश वाचायचा. आणि दर वेळी बर्निस उत्तर द्यायची.

"नाही," ती पहिल्या चौकात म्हणाली.

"बघू," दुसऱ्या चौकात.

पोस्टापाशी शिवणमंडळाच्या बायका रांगेत उभ्या होत्या. तिथे हॉवर्डने जरा जास्तच जोरात वाचलं. "आधी तू जा, हॉवर्ड," बर्निस म्हणाली, "सकाळपासून दमलायस." बायकांनी रुमाल हलवले. एक जण डोळे पुसत होती.

तिथून पुढे लोक बाजूला उभे राहीनात, गाडीच्या मागेच चालायला लागले. जे आधी पुढे पळाले होते ते मागे पळत आले. मुख्य रस्त्याच्या शेवटी आद्य घराण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांना हात हलवायला समोर एक कुत्रा होता. त्याची दोरी नियमात होती.

मिरवणूक गावच्या वेशीवर संपली. तिथे गवतात हद्दीचा जुना दगड आहे, त्याच्या पलीकडे दुसरं गाव. बंब तिथे वळून परत गेला, बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत घातली. फेंटनांची गाडी हळूहळू पुढे आली आणि पुढची चाकं दगडाच्या रेषेवर टेकली. मागे अख्खं पेल्टन येऊन उभं राहिलं. हॉवर्डचा घसा पार बसला होता. तरी त्याने टोपी सारखी केली, कागद उलगडला आणि शेवटचं वाचलं, एकेक शब्द सुटा करून, एझ्राने वाचला असेल तसा, की फेंटन कुटुंबाने गाव सोडून जावे.

ऑल्डनचे हात स्टिअरिंगवर होते. त्याने आरशातून आईकडे बघितलं. बर्निस हद्दीच्या दगडापलीकडे, तिथल्या शेतांकडे, नीट वेळ घेऊन बघत होती. मग ती आपल्या जागी मागे टेकून बसली.

"वळव गाडी, ऑल्डन," ती म्हणाली. "बीन्स ओव्हनमध्ये ठेवून आलेय मी."